हवा चांगली आहे

पुण्याहून निघालेली एस. टी. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यापाशी महामार्ग सोडते आणि उजवीकडे वाईच्या रस्त्याला लागते. तेथून पुढे दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. फेब्रुवारीत या रस्त्याने गेले, की खिडकीतून हळद शिजवल्याचा उग्र, मातकट वास आत येतो. शेताच्या कडेला चुली पेटलेल्या असतात आणि मोकळ्या जागेत हळकुंडे वाळत पडलेली दिसतात. माझी थोरली बहीण या वासाला ‘वाईचा वास’ म्हणते. तिला आम्ही सर्व अक्का म्हणतो. वय ब्याऐंशी. चौतीस वर्षे तिने शाळेत गणित शिकवले, आणि गेली तीन वर्षे ती वाईजवळच्या एका वृद्धनिवासात राहते.

हे वृद्धनिवास आम्ही भावंडांनी आणि परदेशी असलेल्या तिच्या मुलाने मिळून निवडले होते. तेव्हा आम्ही काय पाहिले, हे आज आठवले की संकोच वाटतो. कौलारू बैठी इमारत, पुढे चिकूची बाग, पाठीमागे पसरणीचा डोंगर, आणि त्या डोंगरावर पाचगणी. पाचगणीच्या हवेची कीर्ती जुनी आहे. क्षयाला औषध नव्हते त्या काळात माणसे त्या पठारावर केवळ हवेसाठी येऊन राहत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. आजार घेऊन जायचे आणि हवा खाऊन बरे व्हायचे, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गीय मनात तेव्हापासून रुजून बसली आहे. आम्हीही तेच केले. जेवण कसे, हे विचारले. देवघर आहे का, हे विचारले. भाच्याने व्हिडिओवर बाग पाहिली. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले, की हवा चांगली आहे. अक्काला जे हात रोज उठवणार, पुसणार, भरवणार, त्या हातांविषयी कोणीही एक अक्षर विचारले नाही.

मागच्या दिवाळीनंतर अक्का न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि ती परत आली तेव्हा तिला लघवीची नळी बसवलेली होती. फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला, ‘मामा, तुम्ही थोडे दिवस जाऊन राहाल का? आई फोनवर फार कमी बोलते.’ मी निवृत्त ग्रंथपाल, घरी एकटा. गणपती घाटाजवळ एका परिचितांकडे खोली मिळाली. रोज सकाळी सहाच्या आत मी वृद्धनिवासात पोहोचत असे आणि रात्री आठनंतर परतत असे.

पहिले दोन दिवस मला सारे उत्तम दिसले. फरशी दिवसातून तीनदा पुसली जाई. फिनेलचा वास दारापासूनच स्वागत करी. आपल्या पिढीला फिनेलचा वास आला, की स्वच्छता झाली असे वाटते. कर्मचारी स्त्रिया मायाळू होत्या. सकाळच्या पाळीला दोघी असत. त्यांतली अक्काच्या दालनातली पसरणीकडून चालत येई. तिला सगळे ताई म्हणत. ती अक्काच्या केसांना तेल लावताना तिच्याशी गप्पा मारी, आणि अक्का तिच्या मुलाला सुट्टीत अपूर्णांक शिकवणार असल्याचे आश्वासन देई.

तिसऱ्या दिवशी, केवळ दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून, मी ताईच्या हातमोज्यांकडे पाहत बसलो. सहाला तिने मोज्यांची एक जोडी चढवली. पहिल्या खाटेवरच्या आजींचा डायपर बदलला, तो पिशवीत टाकला, त्याच हाताने कपाट उघडून नवा काढला. आजींना पाणी हवे होते, म्हणून तांब्या उचलून दिला. दुसऱ्या खाटेवरच्या आजींची कवळी वाटीतून काढून नळाखाली धरली आणि त्यांच्या तोंडात बसवली. तिसऱ्या खाटेवरच्या आजींच्या पाठीला शय्याव्रण होते. तेथील पट्टी सुटली होती, ती तिने दाबून नीट केली. मग पडदा सरकवला, खाटेचा कठडा खाली केला, आणि अक्काच्या लघवीच्या पिशवीची तोटी उघडून ती एका प्लॅस्टिकच्या मापाच्या भांड्यात रिकामी केली. त्या भांड्यात आधी पलीकडच्या दालनातील दोघांच्या पिशव्या रिकाम्या झाल्या होत्या. तोटी भांड्याच्या काठाला टेकली. पिशवीचा तळ फरशीवर होता, त्याच फिनेलने पुसलेल्या फरशीवर. मोजे तेच होते. ते पावणेआठला उतरले, चहाच्या आधी, आणि तेव्हा ताईने हात साबणाने स्वच्छ धुतले. स्वतः चहा प्यायचा होता ना!

मोजे घातले म्हणजे हात स्वच्छ, हा समज किती घट्ट आहे ते मला तेव्हा कळले. मोजे घालणाऱ्याचा हात वाचवतात. ज्याला तो हात लागतो, त्याला ते वाचवत नाहीत. उलट मोज्यांमुळे हाताला ओल जाणवत नाही, चिकट लागत नाही, आणि त्यामुळे धुवावेसेही वाटत नाही.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. अंग पुसण्याची एक बादली चार जणींना पुरे, आणि चौथीपर्यंत पाणी गढूळ झालेले असे. मधुमेही चौघांची साखर तपासण्याचे यंत्र एकच होते. ते एक वेळ समजता आले असते, पण बोटाला टोचण्याचे पेनही एकच होते. सुई बदलली जाई, पेन तेच. नखे काढण्याचे नेलकटर साऱ्या दालनाला एक. दाराशी, आगंतुकांच्या वहीशेजारी, सॅनिटायझरची मोठी बाटली होती, करोनाच्या दिवसांची आठवण. खाटांजवळ एकही नव्हती.

हे सगळे मी वहीत लिहून ठेवले, जरा ऐटीतच. दुसऱ्याची चूक टिपताना माणसाला जी एक बारीक गोडी लागते, ती मला लागली होती.

गुरुवारी मी अक्काला मेणवलीला नेले. मेणवली वाईपासून जवळ, कृष्णेच्या काठी. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे दगडी घाट, आणि घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी ती मोठी घंटा. ‘स्वदेस’ चित्रपटात हा घाट अनेकांनी पाहिला असेल. अक्काला बाहेर पडून तीन महिने झाले होते. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने तिला उचलून बसवले, चाकांची खुर्ची मागे बांधली, आणि आम्ही निघालो. पिशवीचे काय करावे हा प्रश्न होता. खुर्चीच्या बाजूला लोंबती पिशवी लोकांना दिसावी, हे मला बरे वाटेना. मी ती उचलून अक्काच्या मांडीवर ठेवली आणि वरून तिची जांभळी शाल पांघरली. परत येईपर्यंत, सुमारे अडीच तास, ती तेथेच होती.

तो दिवस सुरेख गेला, हे लिहिले पाहिजे. पायऱ्या जेथून सुरू होतात तेथे मी खुर्ची थांबवली. नदीत पाणी संथ होते, पलीकडच्या काठावर एक बाई चादरी धूत होती. अक्काने लहानपणची, आमच्या वडिलांनी आम्हाला कृष्णेत पोहायला शिकवल्याची हकिकत सांगितली आणि मी बुडता बुडता कसा वाचलो याचे माझ्यापेक्षाही बारकाईने वर्णन केले. तिने दोन केळी खाल्ली. मी ती सोलून, तुकडे करून तिच्या तोंडात घातली. हात धुतल्याचे मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी तिने मला ‘दादा’ म्हणून हाक मारली. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. मी हसलो. मग ती म्हणाली, ‘शाळेची घंटा झाली, मला उशीर होतोय,’ आणि खाटेवरून पाय खाली सोडू लागली. चहा नको, खाणे नको. दुपारी ती गुंगीत होती. ताप पाहिला, तो नव्हता. तेथील सिस्टर म्हणाल्या, ‘काका, वयोमानानं होतं असं. परवा बाहेर गेल्या होत्या ना, दगदग झाली असेल.’ मलाही ते पटले, कारण पटवून घेणे सोयीचे होते. रात्री ताई जाताना दाराशी थांबली. ‘काका, आजी अशा नसतात. लघवी पण गढूळ आहे. मी सिस्टरना सांगितलंय, पण तुम्ही डॉक्टरला दाखवाच.’

रविवारी पहाटे आम्ही तिला साताऱ्याच्या एका रुग्णालयात नेले. रक्तदाब उतरला होता. लघवीचा संसर्ग रक्तात शिरला होता. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी आम्हाला काहीही आश्वासन दिले नाही. भाचा तिकडून रात्रभर फोन धरून बसे.

त्या दोन दिवसांत जे कळले ते आधी कळले असते, तर शनिवारचा दिवस वाया गेला नसता. म्हातारपणी संसर्गाला ताप येतोच असे नाही. शरीराचे मूळ तापमानच थोडे खाली असते आणि प्रतिकाराची भट्टी मंद झालेली असते. म्हणून थर्मामीटर गप्प राहतो आणि संसर्ग दुसऱ्याच दारातून बोलतो. माणूस एकाएकी गोंधळतो, काल ओळखत होता त्याला आज ओळखत नाही, पडतो, जेवण टाकतो, दिवसभर झोपतो किंवा उगाच चिडतो. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. हा गोंधळ एका दिवसात येतो. हा फरक कोणत्याही तपासणीवाचून घरच्या माणसाला, किंवा रोज केसांना तेल लावणाऱ्या बाईला, आधी दिसतो. ताईला तो दिसला होता.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘ही नळी अजून का आहे?’ मी गप्प. शस्त्रक्रियेच्या वेळी बसवली, नंतर कोणी काढली नाही. अक्काला वारंवार न्हाणीघरात नेण्यापेक्षा ते सर्वांना सोपे होते. त्या म्हणाल्या, की महिनाभर नळी राहिली, की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू वस्ती करतातच. त्यामुळे निव्वळ तपासणीत जंतू आढळले म्हणून प्रतिजैविके देत सुटणे चूक, आणि त्रास दिसत असताना थांबणेही चूक. मात्र सर्वांत आधी विचारायचे ते हे, की नळीची गरज उरली आहे का. मग त्यांनी पिशवीविषयी विचारले. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. ती वर उचलली, की साचलेली लघवी नळीतून उलट फिरू शकते. ‘कुठे नेताना मांडीवर वगैरे ठेवली नव्हती ना?’

मी म्हणालो, ‘ठेवली होती.’

जंतू मेणवलीच्या घाटावर चढले, की त्या प्लॅस्टिकच्या भांड्याच्या काठावरून आले, की दोन्ही मिळून, हे कोणालाही सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी ते सौम्यपणे सांगितले. परंतु माझ्या वहीत ताईच्या सतरा चुका तारीखवार लिहिलेल्या होत्या आणि माझी एकही नव्हती.

रुग्णालयाच्या बाकावर मला सेमेलवाइसची गोष्ट आठवत राहिली. इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातील प्रसूतिविभागात काम करीत होता. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांमुळे बाळंतिणी मरतात, हे त्याने १८४७ मध्ये ओळखले आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांतील अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या दालनातील पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव होत असलेली एक रुग्ण होती. तपासणी तिच्यापासून सुरू होई, आणि तिच्यानंतर हात फक्त साबणाने धुऊन मंडळी पुढच्या खाटेकडे जात. तेव्हा तेथे असलेल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा मरण पावल्या. प्रेताची गरज नव्हती. एका जिवंत माणसाकडून दुसऱ्या जिवंत माणसाकडे जाणारा हात पुरेसा होता. खाटांची रांग, आणि पहिल्या खाटेपासून निघालेला हात. मी तो तिसऱ्या दिवशी सकाळी सहा ते पावणेआठ पाहिला होता.

सहाव्या दिवशी अक्का नळीशिवाय परत आली. अशक्त, पण ओळख शाबूत. मी वही घेऊन व्यवस्थापकांकडे जाणार होतो. त्याआधी ताई भेटली. तिच्या कानावर सगळे आले होते आणि ती घाबरलेली होती. मी तिला मेणवलीची, मांडीवर ठेवलेल्या पिशवीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काका, मला कळतं हो. नर्सिंगच्या बाईंनी एकदा येऊन शिकवलं होतं. पण बेसिन त्या टोकाला आहे, बघा. जायचं, धुवायचं, पुसायला कोरडं फडकं शोधायचं, यायचं. अकरा जणी आहेत मला. आठला चहा पोहोचला नाही, तर तक्रार होते. हात धुतले नाहीत म्हणून आजवर कोणीच तक्रार केली नाही.’

अक्का उशीला टेकून हे ऐकत होती. म्हणाली, ‘एका जणीमागे किती वेळा धुवायला हवेत?’ ताई आणि मी मिळून मोजले. माणसाला हात लावण्यापूर्वी, स्वच्छ काम करण्यापूर्वी, मलमूत्राशी संबंध आल्यावर, आणि सोडून जाताना, असे कमीत कमी चार वेळा. जागतिक आरोग्य संघटना पाचवा प्रसंगही सांगते, माणसाला नव्हे तर त्याच्या खाटेला, पडद्याला, टेबलाला हात लावल्यानंतरचा. अक्काने चारच धरले. ‘अकरा चोक चव्वेचाळीस. बेसिनपर्यंत जाऊन येऊन दोन मिनिटे, म्हणजे अठ्ठ्याऐंशी मिनिटे. तुझ्याकडे आहेत एकशेवीस. बाकी बत्तीस मिनिटांत अकरा जणींचे सगळे कर म्हणावे! हे उदाहरण सुटत नाही.’ मग जरा थांबून, ‘ती दाराशी बाटली आहे ना, तिला किती वेळ लागतो?’

अर्धे मिनिट. हाताला मळ किंवा ओल लागलेली नसेल, तर सॅनिटायझर सगळीकडे नीट चोळायला वीस ते तीस सेकंद पुरतात. बाटली खाटेलाच अडकवलेली असली, तर चालणेही नाही. चव्वेचाळीस वेळा, बावीस मिनिटे. अक्का म्हणाली, ‘आता सुटते.’

सॅनिटायझरला मर्यादा आहेत, त्या मी व्यवस्थापकांनाही सांगितल्या. हात दिसण्याइतके मळले असतील, तर साबण आणि पाणीच. कोणाला जुलाब होत असतील, तरी साबण आणि पाणीच. प्रतिजैविकांनंतर वृद्धांना होणाऱ्या एका प्रकारच्या अतिसाराचे जंतू बीजरूपाने टिकतात आणि अल्कोहोलने मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. आणि मोज्यांची जोडी एका माणसाची, खरे तर एका कामाची. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचे.

व्यवस्थापक गृहस्थ सज्जन होते, पण प्रथम दुखावले गेले. ‘आमच्याकडे बघा, फरशीवर जेवता येईल.’ फरशीवर कोणीच जेवत नाही, हे मी बोललो नाही. मी टोचण्याच्या पेनापासून सुरुवात केली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामधील एका वृद्धनिवासात २०१० साली साखर तपासण्याची साधने अनेकांत मिळून वापरली गेली. आठ जणांना हिपॅटायटिस बीची कावीळ झाली, त्यांतील सहा दगावले. रक्ताचा न दिसणारा थेंब पुरतो, आणि तो विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो. हे ऐकल्यावर ते गप्प झाले आणि त्यांनी कागद ओढला. मग मी त्यांना म्हणालो, की आजारी असताना कामावर येऊ नका असे सांगणे सोपे आहे, पण रजेचा पगार कापला जात असेल, तर बाई ताप लपवून येणार. करोनाच्या पहिल्या दिवसांत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंडच्या वृद्धनिवासात साथ पसरली, तेव्हा चौकशीत हेच आढळले होते. कर्मचारी लक्षणे असताना कामावर येत होते, आणि काही जण एकाच वेळी एकाहून अधिक ठिकाणी काम करीत होते. यावर ते म्हणाले, ‘रजेचं बघावं लागेल.’ ते अजून बघत आहेत.

बाकी बरेच झाले. प्रत्येक खाटेला बाटली लागली. पेने चार झाली, त्यांवर नावे चिकटली. लघवीच्या पिशव्यांना प्रत्येकी वेगळे भांडे आणि खाटेच्या खालच्या दांडीला अडकवायला आकडा मिळाला. अंग पुसण्याचे पाणी दर माणशी बदलू लागले. त्यासाठी गरम पाण्याचा बंब पुरेना, म्हणून आम्ही काही कुटुंबांनी मिळून दुसरा घेऊन दिला. बेसिन मात्र अजून त्याच टोकाला आहे. नळाची जोडणी बदलायला भिंत फोडावी लागते म्हणे.

एप्रिलमध्ये अक्काने फोनवर सांगितले, की शेजारच्या आजी रात्रभर खाजवतात आणि त्यांना ‘कातडी कोरडी झाली’ म्हणून खोबरेल लावतात. तिने स्वतः पाहिले होते, की रात्रपाळीची एक मावशीही बोटांच्या बेचक्यांत खाजवते. मी सिस्टरना फोन केला. दोन दिवसांनी त्वचारोगतज्ज्ञ आले. खरूजच निघाली. खरजेची पंचाईत अशी, की पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि तोवर ती हातोहात पसरलेली असते. म्हणून खाज असो वा नसो, दालनातील सगळ्यांना आणि हात लावणाऱ्या साऱ्या कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी मलम लावावे लागले, पुन्हा आठवड्याने एकदा. चादरी-कपडे कढत पाण्यात धुतले. जे धुता येत नव्हते ते पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून अधिक काळ बाजूला ठेवले, कारण अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. अक्काची जांभळी शालही त्या पिशवीत गेली. त्या रात्रपाळीच्या मावशीला कामावरून काढायचे घाटत होते. खरूज तिला तेथेच लागली असण्याचाही तेवढाच संभव आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, म्हणून ती राहिली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. सुरूरच्या वडांवरून पाणी निथळत होते, पसरणीचा डोंगर ढगात गेला होता आणि पाचगणी दिसत नव्हती. दाराशी मी चप्पल काढली, हात चोळले आणि सवयीने हुंगून पाहिले. फिनेलचा वास होताच. तो जाणार नाही.

अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. आता ती काठीच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जाते, सोबत कोणीतरी लागते. मांडीवर शंभर पानी चौकटीची वही होती, तिच्या शाळेत मुले वापरत तसली. मी पाहिले, तर तारखांखाली उभ्या रेघांचे गठ्ठे, पाच-पाचांचे, पाचवी रेघ आडवी. डावीकडे चव्वेचाळीस हा आकडा, शेजारी कोठे एकतीस, कोठे छत्तीस, एका ठिकाणी एकोणीस. त्या दिवशी दुसरी बाई आली नव्हती आणि ताईकडे बावीस जणी होत्या. तेथे अक्काने लाल शाईने लिहिले होते, ‘अवाजवी.’

सातच्या सुमारास ताई पलीकडच्या खाटेवरून आली, अक्काच्या खाटेची बाटली दोनदा दाबली आणि बोटांची बेचकी, अंगठे, नखांची टोके चोळू लागली. चोळताना तिने वहीकडे मान वळवली.

‘किती झाले, आजी?’

‘तेवीस. आणि मघाशी कवळी बसवलीस ना तिकडे, त्याच्या आधीचा एक चुकवलास.’

‘बघत होता होय?’ असे म्हणून ताई परत वळली, आणि अक्काने रेघ न ओढता पेन्सिल तशीच हवेत धरून ठेवली.